मोडक्या गाडीचे दान

एमएच २८ पाटीची, अपघातात चेपलेली गाडी मदरशाला देऊन टाकावी, असे बुलढाणा, चिखली, मेहकरकडे कुणालाही वाटू शकते. हा प्रश्न मोटारीपेक्षा फार जुना आहे.

हजरत उमर (रजि.) यांनी अल्लाहच्या मार्गात एक घोडा दिला. घेणाऱ्याने त्याची आबाळ केली. तो आता स्वस्तात मिळेल म्हणून उमर परत विकत घेऊ पाहत होते, पैगंबरांनी (स.) मनाई केली. दिले ते दिले. पुढे इमाम मुहम्मद यांनी रूढ असलेल्या जंगम वस्तूंचा वक्फ वैध मानला. भारताच्या १९५४ आणि १९९५ च्या वक्फ कायद्यांतही स्थावराबरोबर जंगम मालमत्ता आहेच.

मात्र स्वतःला कुणी दिली तर डोळे मिटूनच घ्याल अशी वस्तू देऊ नका, असा कुरआनचा (२:२६७) इशारा आहे. दुरुस्तीचा खर्च मदरशावर पडला, तर ते दान नव्हे, ओझे झाले. म्हणून गाडी दुरुस्त करून, दोष सांगून द्यावी आणि आरटीओत नाव बदलावे. अपघात झाल्यास नोंदीतला मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. दुरुस्त होण्यासारखी नसेल, तर रीतसर भंगारात काढून आलेली रक्कम द्यावी. सदका तोही आहे.