तीन नावे, एक इंजिन

समजा, साल १९५२ आहे. मुंबईहून पुण्याला येणारी एक डॉज मोटार खंडाळ्याच्या घाटात तापली आणि तिचा सिलिंडर ब्लॉक तडकला. मोटार ओढून पुण्याच्या गॅरेजात आणली. मेस्त्रीकडे डॉजचे इंजिन नाही, पण अपघातात चेपलेली एक प्लिमथ आवारात पडून आहे. तो प्लिमथचे इंजिन उतरवतो आणि डॉजमध्ये बसवतो. पायांची भोके जुळतात, मागचा गिअरबॉक्स जुळतो. गाडी चालू होते.

प्रसंग कल्पित आहे, पण अशी अदलाबदल खरोखर शक्य होती. शाळेत आपण चार फेऱ्यांच्या इंजिनाची आकृती काढतो; शोषण, संपीडन, ज्वलन, उत्सर्जन समजावून सांगतो. मात्र एका गाडीसाठी बनलेले इंजिन दुसऱ्या गाडीत मुळात बसते कसे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्याचे उत्तर धातूपेक्षा मापांच्या इतिहासात दडलेले आहे.

कुर्ल्याचा कारखाना

भारतात मोटारींचा कारखाना काढण्याची योजना पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मांडली होती. ती प्रत्यक्षात आणण्याचा ध्यास सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी घेतला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने १९४७ मध्ये मुंबईतील कुर्ला येथे गाड्या तयार होऊ लागल्या. या गाड्या डॉज, प्लिमथ आणि डी सोटो अशा तीन नावांनी विकल्या जात. पुढची जाळी वेगळी, बिल्ला वेगळा. आतले यंत्र मात्र बहुतांशी एकाच घराण्याचे. डी सोटो डिप्लोमॅट ही तर मुळात प्लिमथच. फक्त तिचा चेहरा बदललेला होता.

सपाट माथ्याचे इंजिन

हे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन ‘फ्लॅटहेड’ प्रकारचे होते. आजच्या इंजिनात झडपा सिलिंडरच्या डोक्यावर, हेडमध्ये असतात. फ्लॅटहेडमध्ये त्या दट्ट्याच्या शेजारी, ब्लॉकमध्येच उभ्या असतात. त्यामुळे हेड म्हणजे जवळजवळ एक जाड झाकण होय. बनवायला सोपे, दुरुस्तीला सोपे. तोटा असा, की ज्वलनाची जागा दट्ट्यापासून बाजूला झडपांपर्यंत पसरते. ती फार लहान करता येत नाही, म्हणून वायू फारसा दाबता येत नाही. या इंजिनांचे संपीडन गुणोत्तर साधारण साडेसहा ते सात होते. त्यातून कार्यक्षमता कमी मिळे, पण हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही इंजिन विनातक्रार चाले.

प्लिमथच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३.२५ इंच आणि दट्ट्याची धाव ४.३७५ इंच होती. त्याच ब्लॉकच्या डॉज इंजिनात बोअर तोच ठेवून धाव ४.६२५ इंच केलेली होती. सिलिंडर म्हणजे वृत्तचितीच. तिच्या घनफळाच्या सूत्राला सहाने गुणले तर पहिल्याचे उत्तर सुमारे ३५७० घन सेंटिमीटर येते आणि दुसऱ्याचे ३७७०. धावेत फक्त पाव इंचाचा फरक, पण घनफळात २०० घन सेंटिमीटरची वाढ! बाहेरून पाहता दोन्ही इंजिने जुळी भावंडे.

दोन इंचांची मेख

पण प्रत्येक इंजिन प्रत्येक गाडीत बसेच असे नाही. क्रायस्लरच्या या सहा सिलिंडर इंजिनांची दोन घराणी होती. एकाच्या हेडची लांबी सुमारे २३ इंच, तर दुसऱ्याची सुमारे २५ इंच. अमेरिकेत बनलेल्या प्लिमथ व डॉज मोटारींत आखूड इंजिन असे. अमेरिकेतील मोठ्या डी सोटो आणि क्रायस्लर मोटारींत लांब. कॅनडात बनलेल्या प्लिमथ-डॉजमध्येही लांब इंजिन होते. आखूड इंजिनाच्या गाडीत लांब इंजिन घालायला गेले, की पुढे रेडिएटर आडवा येतो.

काही डॉज इंजिनांत आणखी एक अडचण होती. क्रँकशाफ्टच्या मागच्या चकतीला चारऐवजी आठ बोल्ट होते, त्यामुळे प्लिमथचे फ्लायव्हील त्यांना चालत नसे. म्हणजे बिल्ल्यावर विसंबून चालत नाही. टेप लावून मोजावेच लागते. नाव सारखे असून वस्तू वेगळी आणि नाव वेगळे असून वस्तू सारखी. विज्ञानाच्या शिक्षकाला यापेक्षा चांगले उदाहरण कुठे मिळेल?

मापांचा करार

भाग एकमेकांच्या जागी बसवता येणे ही गोष्ट फार जुनी नाही. पूर्वी बंदूक बनवणारा कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून दुसऱ्याशी जुळवी. तो भाग दुसऱ्या बंदुकीला चालत नसे. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लां याने १७८५ मध्ये बंदुकीच्या चापांचे सुटे भाग एकत्र मिसळून, त्यांतून हाताला येतील ते भाग जोडून दाखवले. तेव्हा पॅरिसमध्ये असलेले थॉमस जेफरसन हे पाहून प्रभावित झाले आणि ही कल्पना त्यांनी अमेरिकेला कळवली. ती कारखान्यांत रुजायला पुढे कित्येक दशके लागली.

मोटारींच्या बाबतीत कसोटीचा क्षण १९०८ मध्ये आला. इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे तीन कॅडिलॅक मोटारी पूर्ण सुट्या करण्यात आल्या. सर्व भागांचा एकच ढीग केला, त्यातले ८९ भाग काढून त्यांच्या जागी कोठारातले नवे भाग ठेवले आणि त्या ढिगातून पुन्हा तीन मोटारी उभ्या केल्या. हाताशी फक्त पाने आणि स्क्रूड्रायव्हर, कानस नाही. तिन्ही मोटारी मग ५०० मैल धावल्या. या कसोटीबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर करंडक मिळाला.

यामागचे तत्त्व असे: कोणतेही माप अगदी अचूक नसते. म्हणून ‘इतके माप’ असे न सांगता ‘या मर्यादेपासून त्या मर्यादेपर्यंत’ असे सांगायचे. भाग या दोन मर्यादांमध्ये असला की झाले. तपासण्यासाठी दोन टोकांचे गेज पुरते: एक टोक आत गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. अचूकतेच्या हट्टापेक्षा चुकीची मर्यादा आधी ठरवणे जास्त उपयोगी पडले.

जोडणे आणि घडवणे

या करारामुळेच हजारो मैलांवरून पेट्यांत आलेले भाग मुंबईत जोडता येत होते. पण त्याची दुसरी बाजूही आहे. जोडणाऱ्याला ती मर्यादा फक्त वापरायची असते. घडवणाऱ्याला ती स्वतः पाळावी लागते. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की भाग इथेच बनवण्याचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम असणाऱ्या कंपन्यांनाच वाव द्यावा. १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी इथले काम थांबवले. प्रीमियर टिकली. त्या टिकण्याचा खरा अर्थ गेज, साचे आणि कुशल हात इथे तयार करणे हा होता.

वापरातून हरवणारी समानता

इंजिन झिजले की सिलिंडर लंबगोल होतो. मग तो कातून मोठा करतात आणि जाड दट्ट्ये घालतात. व्यास ०.०६ इंच वाढवला, की प्लिमथचे घनफळ सुमारे १३० घन सेंटिमीटरने वाढते. आता तिचा दट्ट्या दुसऱ्या प्लिमथला चालत नाही! बाहेरून इंजिन अजून कुठेही बसते, पण आतून ते पुन्हा एकटे झालेले असते, त्या जुन्या बंदुकीसारखे. १९७३ नंतर पेट्रोल महागले, तेव्हा आपल्याकडच्या अनेक जुन्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिने आली. तिथे तर काहीच जुळत नव्हते. मेस्त्रीने नवे पाय जोडले, गिअरबॉक्ससाठी जाड पत्र्याची जोडचकती कातून घेतली. जिथे करार संपतो, तिथे पुन्हा कारागिरी सुरू होते.

वर्गात करून पाहण्यासाठी

फ्लॅटहेड इंजिन आता जुन्या मोटारींच्या मेळाव्यातच दिसते, पण नट-बोल्ट मुठा गावातही मिळतात आणि मुंबईतही. एकाच मापाचे दहा बोल्ट आणि दहा नट वेगवेगळ्या दुकानांतून आणा, मिसळा आणि मुलांना जोड्या लावू द्या. मग व्हर्नियरने प्रत्येक बोल्टचा व्यास मोजायला सांगा. दहाही मापे नेमकी सारखी येणार नाहीत, तरी नट सगळ्यांवर चढतील. ‘मापे वेगळी आली, मग चढले कसे?’ असे एखाद्या मुलाने विचारले, की समजावे, धडा सुरू झाला.