तळटीप : माश्यांच्या जातींतली जनुकांची उसनवारी

* फळमाशी : सातारा-सांगलीचे बागायतदार ‘फळमाशी’ म्हणतात ती आंब्या-पेरूत अंडी घालणारी बॅक्ट्रोसेरा, तिचे नर पकडायला बागेत मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगतात. इथे अभिप्रेत आहे ती ड्रोसोफिला : महाबळेश्वरच्या सडक्या स्ट्रॉबेरीवर वा तासगावच्या फुटक्या द्राक्षांवर घोंगावणाऱ्या चिलटांचे कूळ. जीनोममध्ये जागा बदलत फिरणारे डीएनएचे तुकडे एरवी आईबापांकडून पिल्लांकडे जातात. क्वचित मात्र थेट दुसऱ्या जातीत शिरतात. गाजलेला दाखला ‘पी’ घटकाचा. १९५० च्या आधी पकडून प्रयोगशाळांत जोपासलेल्या ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरच्या वाणांत तो सापडत नाही. पुढच्या काही दशकांत तो जगभरच्या रानटी माश्यांत पसरला. पी असलेला नर आणि नसलेली मादी यांच्या संततीत वांझपणा येतो, उत्परिवर्तने वाढतात. १९९० साली डॅनियल्स, किडवेल आणि सहकाऱ्यांनी त्याचे मूळ अमेरिका खंडातल्या विलिस्टोनी या जातीत दाखवले. या दोन जातींचे वंश कोट्यवधी वर्षांपूर्वी विलग झाले, तरी दोघींच्या पी घटकात २,९०७ अक्षरांपैकी फरक एकाच अक्षराचा. अर्थात हा वारसा नव्हे, अलीकडची उसनवारी. माशीची अंडी टोचून खाणारा प्रोक्टोलेलॅप्स रेगॅलिस हा कोळीवर्गीय सूक्ष्म जीव वाहक असावा, असे १९९१ मध्ये सुचवले गेले. ते अजून अनुमानच आहे. पुढे पी घटक मेलॅनोगॅस्टरच्या जवळच्या सिम्युलन्स या जातीतही पसरल्याचे २०१५ मध्ये नोंदले गेले.

— संपादक