कच्चं लिंबू

यंदा मे महिन्यात नातू आला होता पुण्याहून. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. म्हटलं, आता वेळागरला समुद्रावर जाईल, आंबे-फणस खाईल, आजीशी चार गप्पा मारेल. कसलं काय! स्वारी दिवसभर माडीच्या जिन्यात. आमच्या घरात मोबाईलला धड रेंज तिथेच येते ना! आणि जिन्यातून सारख्या आरोळ्या, "अरे मागून ये, मागून ये! मेलो!" पहिल्या दिवशी मी हातातली पळी टाकून धावले होते.

चौथ्या दिवशी आरोळ्या बंद. जेवताना फणसाच्या भाजीला हात नाही. "काय रे?" तर "काही नाही." संध्याकाळी दिवेलागणीला आपणहून बोलला.

ही चार मित्रांची टोळी. चौघांनी मिळून खेळायचं असतं. दहावीच्या वर्षात याच्या आईने फोन काढून घेतला होता. तेवढ्या महिन्यांत बाकीचे तिघे वर सरकले आणि हा खाली राहिला. खेळात प्रत्येकाच्या नावापुढे आकडा असतो म्हणे, रेटिंग. तिघांनी सांगितलं, "आधी रेटिंग वाढव, मग ये." आणि याच्या जागी दुसरा मुलगा घेतला.

"मग वाढव की," मी म्हटलं.

"कसं वाढवू आजी? चांगली टीम असली तर जिंकणार. अनोळखी पोरांबरोबर खेळलो तर हरतो, आणि हरलो की ते आणखी खाली जातं."

मिसरूड फुटलेला मुलगा, पण चेहरा चौथीतल्या पोरासारखा झाला होता. 'खेळच तो, एवढं काय' हे वाक्य अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. कारण अंगणात उभं राहून "मला खेळायला घेता का?" असं विचारणं म्हणजे काय असतं, ते मी विसरलेले नाही.

आमच्या लहानपणी लगोरी, आट्यापाट्या, लपंडाव यांत एक सोय होती. कच्चं लिंबू! एखादं पोर फार लहान असेल, त्याला पळता येत नसेल, तर त्याला कच्चं लिंबू करून खेळात घ्यायचं. त्याच्यावर राज्य यायचं नाही, त्याच्या बाद होण्याने कुणाचं नुकसान व्हायचं नाही. पण ते खेळात असायचं. दोन मे महिने गेले की तेच पोर पक्कं होऊन सगळ्यांना पळवायचं. मीही होते कच्चं लिंबू. असो.

नातवाने मग विचारलं, "आजी, हे रेटिंग काढलं तरी कुणी?" मास्तरणीला कुणी प्रश्न विचारला की निवृत्ती वगैरे सगळं विसरायला होतं. बसले शोधायला, आणि जे सापडलं ते आधी त्याला सांगितलं, आता तुम्हाला सांगते.

ही पद्धत मूळची बुद्धिबळातली. अर्पाद एलो नावाचे गृहस्थ १९०३ साली हंगेरीत जन्मले, लहानपणी अमेरिकेत गेले आणि पुढे मिलवॉकी शहरात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. बुद्धिबळही उत्तम खेळत. त्यांनी बसवलेली पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० साली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. कल्पना सोपी आहे. प्रत्येकाला एक आकडा. दोघांच्या आकड्यांत दोनशेचा फरक असेल तर वरच्याने चारांपैकी साधारण तीन गुण मिळवावेत अशी अपेक्षा. तो जिंकला तर त्यात विशेष काही नाही, त्याचा आकडा थोडासाच वाढतो. पण खालचा जिंकला तर त्याला भरपूर मिळतं आणि वरच्याचं तेवढं जातं. आज संगणकावरच्या कितीतरी खेळांत याच कल्पनेची लेकरं-नातवंडं नांदत आहेत.

गंमत म्हणजे एलोसाहेबांना आपल्या आकड्याचा गर्व नव्हता. पाण्यावर वरखाली होणारं बूच, वाऱ्यावर हलणाऱ्या दोरीला बांधलेल्या गजाने मोजावं, तसलं हे काम आहे असं ते म्हणत. आम्हा समुद्रकाठच्या माणसांना हे लगेच समजतं.

आता यातली खरी मेख बघा. हा आकडा माणसाच्या डोक्यात मावणाऱ्या अकलेचा नाही. तुम्ही कुणाशी खेळलात आणि काय झालं, एवढंच तो सांगतो. मग ज्याला कुणी खेळायलाच घेत नाही, त्याचा आकडा काय सांगणार?

इथे मला आपल्या खाडिलकर भगिनी आठवल्या. मुंबईच्या 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली, ती वासंतीने जिंकली. पुढची कितीतरी वर्षं ते विजेतेपद या तिघींच्या घराबाहेर गेलंच नाही. म्हणजे बायकांत खेळून त्यांना आणखी काही सिद्ध करायचं उरलं नव्हतं. १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. वय वर्षं तेरा! केवढा गदारोळ झाला. मुलीने इथे खेळायचंच कसं? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल तिच्या बाजूने लागला. तिने त्या स्पर्धेत तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवलं. तेव्हा जागतिक संघटनेचे अध्यक्ष होते हॉलंडचे माक्स यूवे, माजी जगज्जेते. त्यांनी निर्णय दिला की स्त्रियांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही. हे यूवे गणिताचे मास्तर होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत असत. आमच्या धंद्यातल्या माणसाने बरोबर उत्तर काढलं याचा मला उगीचच आनंद झाला. रोहिणी पुढे १९८१ साली आशियाची विजेती झाली.

दहा वर्षांनी याच गोष्टीचा दुसरा अंक हंगेरीत झाला. बुडापेस्टची सुझन पोल्गार ही मुलगी हट्टाने पुरुषांमध्येच खेळायची. जागतिक संघटनेच्या १९८६ सालच्या बैठकीत असं निघालं की बायका फक्त आपसांत खेळतात, त्यामुळे त्यांचे आकडे असायला हवेत त्यापेक्षा कमी राहिले आहेत. मुद्दा अगदीच खोटा नव्हता. दोन विहिरींतलं पाणी कधी मिसळलंच नाही तर त्यांची पातळी एका काठीने कशी मोजणार? पण त्यावर उपाय काय काढला? सगळ्या बायकांना सरसकट शंभर गुण वाढवून दिले. एकट्या सुझनला सोडून! का, तर ती पुरुषांशी खेळलेली, तिचा आकडा बरोबर आहे. परिणाम असा की पुढच्या यादीत पहिली असायची ती दुसरी झाली. म्हणजे भिंत पाडायची सोडून, भिंत ओलांडणाऱ्या मुलीलाच दंड. वर्गात असा न्याय कुणी केला असता तर पोरांनी बाक वाजवले असते.

आकडा चांगला असला म्हणजे दार उघडतं, असंही नाही. पळवणकर बाळू यांचं नाव जुन्या क्रिकेटवेड्यांना ठाऊक असेल. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यांनी ११४ बळी घेतले. पण ते चर्मकार समाजातले. पुण्यात सवर्णांच्या संघातून खेळताना चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे, बाकीचे आत कपातून पीत. मुंबईच्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी रीतसर मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली. तेव्हा वगळणाऱ्याला आकडा हवा असतो तो पुष्कळदा कारण म्हणून नव्हे, निमित्त म्हणून.

नातवाने यात आपली भर घातली. २००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात बरेच जण मिळून एखाद्या राक्षसावर स्वारी करतात. खेळाडूंनीच पुढे एक यंत्रणा काढली, 'गिअरस्कोअर'. कुणाच्या अंगावर किती भारी चिलखत, किती भारी तलवार, याची बेरीज करायची आणि ती कमी असेल तर त्याला स्वारीत घ्यायचं नाही. आणि ती भारी चिलखतं मिळणार कुठे? तर बरीचशी त्या स्वारीतच! मला हसू आलं. 'अनुभवी उमेदवार पाहिजे' अशी जाहिरात वाचून घरी बसलेली किती पोरं मी पाहिली आहेत.

इथपर्यंत लिहून झालं आणि पेन खाली ठेवावंसं वाटलं. (मी अजून आधी वहीत लिहिते, मग टंकते.) कारण आता जे लिहायचं ते माझ्याबद्दल आहे.

नोकरीच्या काळात वर्गांच्या तुकड्या पाडायचं काम काही वर्षं माझ्याकडे होतं. गुणांप्रमाणे याद्या. वरची चाळीस मुलं 'अ'त, मग 'ब', 'क', आणि उरलेली 'ड'. चांगले शिक्षक 'अ'ला. प्रयोगशाळा आधी 'अ'ला. कुणी शिक्षक रजेवर गेले की 'ड'चा तास मोकळा. वर्षाअखेर 'ड'चा निकाल खाली लागायचा आणि आम्ही शिक्षकखोलीत माना डोलवायचो, "बघा, म्हटलं नव्हतं?" आम्हीच खेळायला घेतलं नाही, आणि खेळता येत नाही म्हणून शेरा मारला. तो शेरा माझ्या सुंदर अक्षरात आहे.

त्यात एक मुलगा होता. पहाटे रापण ओढायला जायचा, मग शाळेत येऊन बाकावर पेंगायचा. रापणीचे वाटे तोंडी काढून द्यायचा, मोठी माणसं त्याला विचारत. हे मला माहीत होतं. तरी यादी करताना मी पाहिला तो सहामाहीचा आकडा. नववीत शाळा सुटली त्याची. मागच्या वर्षी बाजारात भेटला. पिशवी हातातून घेतली माझ्या, रिक्षेपर्यंत आणून दिली. हसत म्हणाला, "बाई, तुमी माका 'ड'त घातलास ता बराच झाला. रापणीर लवकर जावक गावायचा."

तो हसला. मला नाही हसता आलं.

गुण नकोत, आकडे नकोत, असं मी म्हणणार नाही. आकड्यामुळेच बाळूंचे ११४ बळी आजही कुणाला पुसता येत नाहीत. पण आकडा म्हणजे आजवरच्या खेळाची नोंद. उद्या खेळायला घ्यायचं की नाही, हे ठरवायचा अधिकार आपण त्याला देतो तिथे घोळ होतो. नागपूरच्या दिव्या देशमुखचंच बघा. २०२५ साली जॉर्जियात महिलांच्या विश्वचषकाला गेली तेव्हा मानांकनात ती पंधरावी होती. ग्रँडमास्टर व्हायला लागणाऱ्या तीन पायऱ्यांपैकी एकही तिच्या नावावर नव्हती. अंतिम फेरीत तिने कोनेरू हंपीला हरवलं आणि विजेती म्हणून थेट ग्रँडमास्टर झाली. एकोणीस वर्षांची पोर. पंधरावीला दारातच उभं केलं असतं तर?

नातवाला रोहिणीची गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "आजी, ती कोर्टात गेली. मी कुठे जाऊ?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "शेजारचा सातवीतला मुलगा चार दिवस जिन्याच्या पायरीवर बसून तुझा खेळ बघतोय. परवा त्याला तू काय म्हणालास, आठवतं?"

आठवत होतं. "तुला नाही जमणार, जा," असं म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं जिन्यात. संध्याकाळपर्यंत सपाटून हरले म्हणे, नातवाचा आकडा आणखी खाली गेला. पण "मागून ये, मागून ये!" सुरू झालं पुन्हा, आणि या वेळी त्याच्या मागून एक बारीक आवाजही यायला लागला.

तर मंडळी, आमच्याकडे कच्चं लिंबू. तुमच्या गावात त्या पोराला काय म्हणत असत? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्याला खेळायला घेत होतात ना?