सिदिन्यो-दोका आणि रिओच्या फंकची कुळकथा

रिओ दि जानेरोच्या फावेलांमधला, म्हणजे गरिबांनी स्वतः वसवलेल्या वस्त्यांमधला, फंक नावाने अमेरिकी असला तरी ठेक्याने वेगळा आहे. १९७० च्या सुमारास बिग बॉय आणि आदेमिर लेमोस यांनी रिओच्या कानेकाँव सभागृहात अमेरिकी सोल आणि फंकच्या तबकड्या लावून नाच भरवले. पुढे हे नाच उत्तरेकडच्या कामगार वस्त्यांत गेले. भिंतीएवढे ध्वनिक्षेपक घेऊन फिरणारी पथके तिथल्या क्लबांच्या आवारात शनिवार-रविवारी तरुणांची तुफान गर्दी जमवू लागली. १९८० च्या दशकात जुन्या फंकची जागा मायामी बेसने घेतली. रोलँड टीआर-८०८ या ठेकायंत्रावर घडवलेले, खर्जाने छाती हादरवणारे हे संगीत, पण नाचाचे नाव फंकच राहिले.

गाणी इंग्रजी होती आणि ती नाचणाऱ्यांना कळत नसत. म्हणून ध्रुपद आले की त्याच्या उच्चाराशी जुळणारे पोर्तुगीज शब्द, बहुधा चावट, सगळे एका आवाजात ओरडत. या संगीताला ब्राझीलची भाषा मिळाली ती अशी, गर्दीच्या तोंडून. मानववंशशास्त्रज्ञ एर्मानो व्हियाना या नाचांचा अभ्यास करत होते. त्यांनी डीजे मार्लबोरोला एक ठेकायंत्र दिले, आणि १९८९ मध्ये मार्लबोरोची 'फंक ब्राझील' ही पोर्तुगीज गाण्यांची तबकडी निघाली.

नाचांत वस्त्यावस्त्यांतील टोळक्यांची हाणामारी होई. आयोजकांनी मग गाण्यांच्या स्पर्धा ठेवल्या, आणि पोरे आपापल्या वस्तीचे नाव घेऊन, शांततेचे आवाहन करत गाऊ लागली. गाणारे बहुधा दोघे असत. आवाज न कमावलेला, पण खणखणीत. पाठीमागे अनेकदा 'व्होल्ट मिक्स' या १९८८ च्या अमेरिकी तबकडीतला ठेका असे.

सिदिन्यो आणि दोका ही जोडी याच काळातली. त्यांची वस्ती सिदाजी जी देउस, म्हणजे 'देवाचे शहर'. फावेलांतून उठवलेल्या कुटुंबांसाठी सरकारने १९६० च्या दशकात ती शहराच्या पश्चिमेला, दूरवर वसवली. ऑक्टोबर १९९२ मध्ये आर्पोआदोरच्या किनाऱ्यावर तरुणांच्या गटांची धुमश्चक्री झाल्यापासून वर्तमानपत्रे फंकवाल्या पोरांकडे गुन्हेगार म्हणूनच पाहत होती. अशा वेळी, १९९० च्या दशकाच्या मध्यास, या जोडीचे 'रॅप दा फेलिसिदाजी' आले. आपल्याच वस्तीत निर्धास्त जगता यावे, एवढीच त्याची मागणी. ती इतकी साधी आणि न्याय्य होती की गाणे फावेलांबाहेरही देशभर पोहोचले.

परदेशात मात्र ही जोडी 'रॅप दास आर्मास' या बंदुकांच्या गाण्यामुळे ओळखली जाते, ही खेदाची गोष्ट आहे. ते मुळात रोसिन्या वस्तीतील ज्युनिअर आणि लिओनार्दो यांचे. सिदिन्यो-दोकाने गायलेले त्याचे अधिक जहाल रूप २००७ च्या 'त्रोपा दी एलिची' या पोलिसपटात वाजले आणि त्याचे रिमिक्स युरोपातील नाचघरांत गाजले.

ठेका स्वदेशी झाला तो सर्वांत शेवटी. १९९० च्या दशकाअखेर ८०८ च्या ठोक्यांत कोंगासारख्या हाताने वाजवायच्या तालवाद्यांचे ध्वनी मिसळून 'तांबोरझाँव' तयार झाला. या नव्या ठेक्यावर सिदाजी जी देउसमधूनच बाँजी दो तिग्राँव हा गट आणि ताती केब्रा बर्राको व देझी तिग्रोना या गायिका पुढे आल्या. देझीच्या एका गाण्याचा तुकडा ब्रिटिश गायिका एम.आय.ए.ने २००५ मध्ये वापरला. रिओ राज्याच्या विधानसभेने २००९ मध्ये फंकला सांस्कृतिक चळवळ म्हणून कायद्याने मान्यता दिली आणि नाचांवर जाचक अटी लादणारा आदल्या वर्षीचा कायदा रद्द केला.