हाताला काम : एका विद्येच्या वाटणीचा इतिहास



इतिहास म्हटला की गड, तह आणि राजघराणी डोळ्यांपुढे उभी राहतात. आम्ही आज एका फार लहान मुलुखाचा इतिहास सांगणार आहोत. तो मुलूख म्हणजे माणसाचा हात. त्यावर गेल्या शंभर वर्षांत कोणी कोणी हक्क सांगितला, सरहद्दी कशा आखल्या गेल्या आणि त्या सरहद्दींमधली जमीन ओसाड कशी राहिली, हा आमचा विषय आहे. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या ज्या पट्ट्यात आपण राहतो, तेथे पत्रा कापणाऱ्या प्रेसवर बोटे जाणे ही नवलाची गोष्ट नाही. तेव्हा हा इतिहास आपल्या घरचाच आहे.

बोट गेलेल्या कामगाराची जखम भरली की मोठ्या इस्पितळात त्याच्यापुढे दोन दारे येतात. एकावर फिजिओथेरपीची पाटी, दुसऱ्यावर ऑक्युपेशनल थेरपीची. मराठीत पहिलीला भौतिकोपचार आणि दुसरीला व्यवसायोपचार म्हणतात. 'व्यवसाय' हा शब्द ऐकून आमच्या कित्येक बांधवांना वाटते की आता येथे कोणी दुकान टाकण्याचा सल्ला देणार! अर्थ त्याहून साधा आहे. जेवणे, अंघोळ, सदऱ्याची बटणे, यंत्राची मूठ, असे माणसाचे रोजचे उद्योग त्याला पुन्हा साधावेत म्हणून त्याच उद्योगांच्या द्वारे केलेला उपचार, तो व्यवसायोपचार. सांध्यांची हालचाल आणि स्नायूंची ताकद परत आणतो तो भौतिकोपचार.

ही वाटणी पुस्तकात सुरेख दिसते. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. बोट वाकविणारी कंडरा, जिला आपण बोलीत शीर म्हणतो, ती तुटली आणि शिवली, तर भोवतालच्या मांसाला चिकटू नये म्हणून बोट जपून हलवावे लागते. ते काम दोघेही करतात. बोट योग्य स्थितीत धरून ठेवणारा स्प्लिंट व्यवसायोपचारतज्ज्ञ बनवितो, भौतिकोपचारतज्ज्ञही बनवितो, आणि कृत्रिम अवयवांचा कारागीर तर तो आपलाच धंदा मानतो. पकडीची ताकद मोजण्याचे यंत्र दोन्ही खोल्यांत असते. मग दारे दोन का? याचे उत्तर शरीरशास्त्रात सापडत नाही. ते इतिहासात आहे.

१९१७ साली पहिले महायुद्ध चालू असताना दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी सहा जणांनी व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी संस्था स्थापन केली. त्या सहांत एक मानसवैद्य, हस्तकलेची एक शिक्षिका आणि चक्क दोन वास्तुशिल्पी होते! म्हणजे जन्मतःच हा धंदा निरनिराळ्या पेशांच्या माणसांनी मिळून उभा केला. त्याच वर्षी मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अपंग शिपायांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. ते पुढे आपल्या शेजारच्या खडकीला आले. तेथे उपचाराची भाषा नव्हती. हात किंवा पाय गमावलेल्या जवानाला नवा हुन्नर शिकवून पोटाला लावणे, एवढाच तिचा हिशेब.

पुढल्याच वर्षी अमेरिकेने आपल्या जखमी सैनिकांसाठी 'पुनर्रचना साहाय्यक' म्हणून स्त्रिया नेमल्या. त्यांच्या दोन शाखा केल्या. एकीने मालीश व व्यायाम पाहावा, दुसरीने हस्तव्यवसाय. एका नावाखालच्या या दोन शाखांचे पुढे दोन स्वतंत्र पेशे झाले. युद्धाच्या गर्दीत सोयीसाठी केलेली वाटणी अशी कायमची होऊन बसली.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाने पुण्याला १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र दिले. नंतर तेथे नागरिकांनाही हातपाय बसवून मिळू लागले. व्यवसायोपचार मात्र एका बाईच्या जिद्दीने आला. कमलाबाई निंबकर या मूळच्या अमेरिकेतील एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या महाराष्ट्राच्या झाल्या. वयाची चाळिशी उलटल्यावर त्यांनी ही विद्या अमेरिकेत जाऊन शिकून घेतली आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळात तिची शाळा काढली. आशिया खंडातील ती पहिली शाळा म्हणून ओळखली जाते. १९५२ साली त्यांनी व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटनाही स्थापन केली. आम्ही संघटनेची माणसे असल्यामुळे चाळिशीनंतर विद्यार्थी होणाऱ्या या बाईंविषयी आम्हांला विशेष आदर वाटतो.

त्याच सुमारास मुंबईत पोलिओने मुलांचे पाय लुळे होत होते. १९५२-५३च्या आसपास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराची शाळा निघाली. १९५५ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून हाजी अलीची अखिल भारतीय संस्था उभी राहिली आणि तेथे हे सारे पेशे एका छपराखाली आले.

आता कायद्याकडे वळू. १९९२ साली भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा झाला. त्यात पुनर्वसन व्यावसायिकांचे सोळा प्रकार मोजले आहेत. कृत्रिम अवयवांचे कारागीर आहेत, व्यवसाय समुपदेशक आहेत. भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार त्या यादीत नाहीत! महाराष्ट्राने २००२च्या कायद्याने या दोघांची मिळून एकच परिषद केली. मग केंद्राच्या २०२१च्या कायद्याने त्यांना पुन्हा दोन वेगळ्या प्रकारांत घातले. असा हा एक हात अनेक कचेऱ्यांत वाटला गेला आहे.

या पेशांच्या भांडणाला आम्ही हसत नाही. फिटरने वायर जोडली तर इलेक्ट्रिशियन का बिथरतो, हे आम्ही कारखान्यात पाहिले आहे. त्यात पोटाचा प्रश्न असतो आणि सुरक्षिततेचाही. तथापि इतिहासावरून आम्हांला एक गोष्ट स्पष्ट दिसते. जेथे दोघांचे काम एकमेकांवर येते तेथे रोग्याचे सहसा बिघडत नाही. एकाने सोडले तर दुसरा पाहतो. बिघडते ते जेथे कोणाचेच काम पोहोचत नाही तेथे. ती जागा इस्पितळाचे फाटक आणि कारखान्याचे फाटक यांच्या मधोमध आहे.

मुरलीकांत पेटकरांचे उदाहरण घ्या. सैन्यातला हा मुष्टियोद्धा १९६५च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाला आणि कमरेखाली अधू झाला. उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरविले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. हा भौतिकोपचार की व्यवसायोपचार? ज्याला पोहता आले त्याला या वादाचे काय? पण पेटकरांना पुण्याच्या टेल्कोत नोकरीही मिळाली, आणि आमच्या मते तेव्हा त्यांचे पुनर्वसन पुरे झाले.

प्रेसवरच्या सामान्य कामगाराच्या वाट्याला मात्र टक्केवारी येते. १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, पुढील दुरुस्त्यांनंतर, पूर्ण अंगठ्याचे मोल ३० टक्के, तर्जनीचे १४, मधल्या बोटाचे १२, अनामिकेचे वा करंगळीचे ७ असे ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली, तरी हे मोजमाप राहिले. राज्य विमा महामंडळाने धंदेशिक्षणाच्या पुनर्वसनासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट घातली. हिशेब करा. अंगठा मुळापासून गेला तरी तीस! मुठीतला पाना धरता येत नाही, पण नवा हुन्नर शिकण्याइतका तो कामगार अपंगही नाही. भरपाई बोटाची होते. पकडीचा विचार त्या कोष्टकात नाही.

नोकरीचे पाहू. सेवेत असताना अपंगत्व आले तर नोकरी काढता येत नाही, हे संरक्षण २०१६च्या कायद्याने सरकारी आस्थापनांपुरते दिले. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स त्यात येतो, कारण तो सरकारी. शेजारचा खाजगी कारखाना येत नाही. कंत्राटी कामगाराचे तर बोलायलाच नको. आमच्या माहितीतील अशाच एका जोडीदाराचा हात इस्पितळाने उत्तम बरा केला. तो 'फिट' असल्याचा कागद घेऊन फाटकावर गेला, तेव्हा त्याचे कंत्राट संपले होते. उपचार करणाऱ्यांपैकी त्याची प्रेस कोणी पाहिली नव्हती. तिची दोन बटणे दोन्ही हातांनी एकदम दाबावी लागतात, हे कोणी विचारले नव्हते.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. स्प्लिंट कोणी बांधावा, हे पेशांनी आपसांत ठरवावे. परंतु प्रत्येक जखमी कामगारामागे एक माणूस नेमलेला असावा. तो कोणत्याही पेशाचा असो, त्याने कारखान्यात जाऊन यंत्र पाहावे, मूठ जाड करता येते का, बटण हलविता येते का, दुसरे काम देता येते का, हे लिहून द्यावे. आणि आम्हां युनियनवाल्यांनी पगारवाढीच्या करारात या कागदाला मान देण्याचे कलम घालून घ्यावे. खडकीच्या शाळेत उपचाराचे शास्त्र नव्हते, पण शेवटी माणूस कामाला लागला पाहिजे हे तिला ठाऊक होते. आज शास्त्र भरपूर आहे.

आपल्या भाषेत रोजगाराला 'हाताला काम' म्हणतात. हात आणि काम या दोन शब्दांत आपल्या वाडवडिलांनी सरहद्द आखली नाही. ती आपणही आखू नये, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.