लष्करी धाटणीच्या रिमफायर रायफली आणि शस्त्रकायदे : न्यूझीलंडच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरातील दोन मशिदींवर झालेल्या हल्ल्यात ५१ जणांचा बळी गेला. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत, १० एप्रिल रोजी, तेथील संसदेने ११९ विरुद्ध १ अशा मतांनी शस्त्रकायद्यात दुरुस्ती केली आणि बहुतेक सर्व अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली. मात्र या बंदीतून .२२ कॅलिबरचे रिमफायर काडतूस वापरणाऱ्या आणि दहापेक्षा अधिक काडतुसे न मावणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफली वगळण्यात आल्या. वरवर पाहता हा अपवाद किरकोळ वाटतो. तथापि 'धोकादायक शस्त्र कोणते, हे कायद्याने कशावरून ठरवायचे?' हा शस्त्रकायद्यांच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न त्यात दडलेला आहे. लष्करी रायफलीचे रूप धारण करणारी, परंतु आतून सशाच्या शिकारीचे काडतूस वापरणारी रायफल ही या प्रश्नाची खरी कसोटी होय. प्रस्तुत निबंधात या कसोटीला निरनिराळ्या देशांच्या कायद्यांनी कसे उत्तर दिले, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

रिमफायर काडतूस आणि लष्करी रूप :

रिमफायर काडतुसात ठिणगी पाडणारे द्रव्य काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेले असते. फायरिंग पिनच्या आघाताने ही कड चेपावी लागते, म्हणून तिचा पत्रा पातळ ठेवावा लागतो आणि पत्रा पातळ असल्याने आतील दाबावर मर्यादा येते. सेंटरफायर काडतुसात हे द्रव्य बुडाच्या मध्यभागी असते व जाड पत्र्यामुळे कितीतरी अधिक दाब पेलता येतो. १८८७ मध्ये आलेल्या .२२ लाँग रायफल या रिमफायर काडतुसाची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असून नळीतून बाहेर पडताना तिची ऊर्जा साधारणपणे १५० ते २०० ज्यूल असते. आधुनिक लष्करी रायफलीच्या ५.५६ मिलिमीटर काडतुसाची ऊर्जा १७०० ज्यूलच्या आसपास भरते. हा फरक साधारणपणे आठ ते अकरा पटींचा आहे.

असे असूनही रिमफायर रायफलीला लष्करी रूप देण्याची प्रथा नवी नाही, आणि तिची सुरुवात बाजारपेठेने नव्हे तर लष्करानेच केली. स्वस्त काडतूस, कमी आवाज व लहान मैदान या सोयींमुळे ब्रिटिश सैन्याने आपल्या ली-एनफिल्ड रायफलीची .२२ आवृत्ती सरावासाठी वापरली. अमेरिकी सैन्याने १९२२ मध्ये स्प्रिंगफील्ड रायफलीची तशीच आवृत्ती स्वीकारली. आपल्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय छात्रसेनेचे छात्र .२२ रायफलीवर नेमबाजीचे पहिले धडे गिरवतात, तेही याच परंपरेतून. लष्करी रूप येथे शिक्षणाचे साधन होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र एआर-१५ व एके-४७ या रायफलींचे बाह्यरूप हेच विक्रीचे आकर्षण ठरले. २००९ मध्ये बाजारात आलेली स्मिथ अँड वेसन कंपनीची एम अँड पी १५-२२ ही रायफल या प्रवाहाचे ठळक उदाहरण होय.

तीन निकष, तीन परंपरा :

शस्त्रांचे वर्गीकरण करताना कायद्यांनी प्रामुख्याने तीन निकष वापरलेले दिसतात : काडतूस, यंत्रणा आणि रूप.

ब्रिटनने काडतुसाचा निकष स्वीकारला. १९ ऑगस्ट १९८७ रोजी हंगरफर्ड येथे झालेल्या हत्याकांडानंतर १९८८ च्या कायद्याने अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आणली, परंतु .२२ रिमफायर रायफली स्पष्ट शब्दांत वगळल्या. परिणामी लष्करी रूपाची रिमफायर रायफल तेथे परवान्यावर बाळगता आली. पिस्तुलांच्या बाबतीत मात्र हाच अपवाद टिकला नाही. १९९६ मधील डनब्लेनच्या शाळेतील हत्याकांडानंतर फेब्रुवारी १९९७ च्या कायद्याने .२२ पिस्तुले वगळली होती; सत्तांतरानंतर नोव्हेंबर १९९७ च्या दुसऱ्या कायद्याने त्यांवरही बंदी आली. काडतूस तेच, पण रायफलीत सुरक्षित व पिस्तुलात धोकादायक ठरले. लपवता येण्याजोगा आकार हा निकष येथे काडतुसावर मात करून गेला, असे म्हणता येईल.

ऑस्ट्रेलियाने यंत्रणेवर भर दिला. एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ जणांचा बळी गेल्यानंतर झालेल्या राष्ट्रीय कराराने अर्धस्वयंचलित रिमफायर रायफलीही 'क' वर्गात टाकल्या आणि त्या शेतकऱ्यांसारख्या मोजक्या गटांपुरत्या मर्यादित केल्या. न्यू साउथ वेल्सच्या १९९६ च्या कायद्याने त्याही पुढे जाऊन, कॅलिबर व कार्यपद्धती कोणतीही असली तरी लष्करी रायफलीच्या रूपाशी बरेचसे साम्य असलेली बंदूक निषिद्ध ठरवली. येथे यंत्रणेला रूपाचीही जोड मिळाली.

अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात अमलात असलेल्या संघीय बंदीने रूपाचा निकष घेतला. सुटे मॅगझिन असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलीला पिस्तुलासारखी मूठ, दुमडता येणारा दस्ता, संगीन बसवण्याची सोय अशांपैकी दोन वैशिष्ट्ये असल्यास ती निषिद्ध ठरे; तिचे काडतूस कोणते, हे पाहिले जात नसे. याउलट कॅलिफोर्नियाने १९९९ च्या कायद्यात हीच वैशिष्ट्ये मोजताना 'सेंटरफायर' हा एक शब्द घातला आणि रिमफायर रायफली या कसोटीच्या बाहेर राहिल्या. कॅनडाने नावनिशीवार याद्यांचा मार्ग धरला. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे निषिद्ध ठरलेल्या ३२४ नमुन्यांत काही .२२ रिमफायर रायफलीही होत्या.

न्यूझीलंडचा प्रवास :

या सर्व निकषांची सरमिसळ आणि फेरबदल एकाच देशात पाहावयाचे असतील तर न्यूझीलंडचा इतिहास विशेष बोलका आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये अरामोआना या छोट्या वस्तीत एका बंदूकधाऱ्याने १३ जणांना ठार केले. त्यातून १९९२ ची दुरुस्ती आली आणि 'लष्करी धाटणीची अर्धस्वयंचलित बंदूक' हा स्वतंत्र वर्ग कायद्यात दाखल झाला. दुमडता येणारा दस्ता, संगिनीची सोय, नळीच्या तोंडावरील ज्वालारोधक, लष्करी पद्धतीची स्वतंत्र मूठ यांपैकी एकही वैशिष्ट्य असले की बंदूक या वर्गात जाई व तिच्यासाठी विशेष परवानगी लागे. मॅगझिनच्या क्षमतेबाबत मात्र कायद्याने भेद केला : सेंटरफायरसाठी सात, तर .२२ रिमफायरसाठी पंधरा काडतुसांची मर्यादा. म्हणजे क्षमता मोजताना काडतूस पाहिले गेले, पण रूप पाहताना नाही. लष्करी मूठ लावलेली .२२ रायफल या वर्गात जाई; तीच मूठ काढली की ती सामान्य ठरे. 'मूठ' म्हणजे नेमके काय, यावरच पुढे वाद झाले आणि २०१२ मध्ये पुन्हा दुरुस्ती करावी लागली.

या व्याख्येतील खरी फट मात्र दुसरीकडे होती. लष्करी वैशिष्ट्ये टाळलेली सेंटरफायर रायफल सामान्य परवान्यावर मिळे आणि अधिक क्षमतेचे मॅगझिन वेगळे विकत घेता येई. क्राइस्टचर्चच्या हल्लेखोराने हीच वाट वापरली. रूपावर खिळलेल्या कायद्याच्या नजरेतून शक्ती निसटली, आणि तिची किंमत ५१ जणांनी मोजली.

२०१९ च्या दुरुस्तीने म्हणूनच रूपाचा निकष सोडून दिला व यंत्रणा, काडतूस आणि क्षमता या तिन्हींवर व्याख्या उभारली. सरकारने परतखरेदी योजनेत ५६ हजारांहून अधिक बंदुका ताब्यात घेतल्या. परंतु या कठोर कायद्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, १९९२ च्या व्याख्येनुसार मुठीपायी विशेष वर्गात गेलेली रिमफायर रायफल, दहा काडतुसांच्या मर्यादेत असल्यास, आता सामान्य वर्गात आली. कायदा एकंदरीने कडक होत असताना लष्करी रूपाच्या या एका प्रकारापुरता तो सैल झाला. या अपवादामागे केवळ तांत्रिक विचार नव्हता. ससे व इतर उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त करणाऱ्या शेतकऱ्यांची गरज सरकारने त्या वेळी उघडपणे मांडली होती. अपवाद हा ग्रामीण समाजाशी केलेला समझोता होता.

चर्चा :

काडतुसाचा निकष अधिक शास्त्रशुद्ध आहे, हे मान्य करूनही तो पुरेसा आहे असे म्हणता येत नाही. २ जून २०१० रोजी इंग्लंडच्या कंब्रिया परगण्यात १२ जणांची हत्या झाली. त्यात वापरलेल्या दोन शस्त्रांपैकी एक .२२ रिमफायर रायफल होती. ती अर्धस्वयंचलित नव्हती आणि लष्करी धाटणीचीही नव्हती. तिन्ही निकषांनी जिला निरुपद्रवी ठरवले असते, अशा बंदुकीनेही माणसे मेली. शस्त्राची कोणतीही व्याख्या परवानाधारकाच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हा धडा या घटनेतून मिळतो. दुसऱ्या बाजूने, रूपाचा निकष अगदीच निरर्थक आहे असेही नाही. लांबून पाहणाऱ्या पोलिसाला किंवा घाबरलेल्या नागरिकाला काडतूस दिसत नाही, दिसते ते रूपच. न्यू साउथ वेल्सच्या तरतुदीचा विचार याच दृष्टीने करावयास हवा.

निष्कर्ष :

१. लष्करी धाटणीची रिमफायर रायफल कोणत्याही देशात केवळ तिच्या संहारशक्तीवरून कायदेशीर वा निषिद्ध ठरलेली नाही. त्या त्या देशाने पूर्वीच्या हत्याकांडातून कोणता निकष उचलला, यावर ते ठरले.

२. रूपावर आधारलेली व्याख्या उत्पादक सहज चुकवू शकतात. न्यूझीलंडमध्ये १९९२ ते २०१९ या काळात हे स्पष्ट झाले.

३. रिमफायरचा अपवाद हा बहुतांशी शेती व नेमबाजी यांच्याशी झालेला सामाजिक समझोता आहे. ब्रिटनमधील पिस्तुलांच्या अपवादाप्रमाणे तो काही महिन्यांतही मागे घेतला जाऊ शकतो.

शस्त्रकायद्यांचा इतिहास हा बहुधा शोकांतिकांचा इतिहास असतो. प्रत्येक कायदा मागच्या हत्याकांडाला उत्तर देतो. पुढच्या हत्याकांडाचा विचार करावयाचा तर बंदूक कशी दिसते यापेक्षा ती काय करू शकते आणि ती कोणाच्या हाती आहे, हे दोन प्रश्न कायद्याने एकत्रितपणे विचारले पाहिजेत.