सायलेन्सर उघडावा की बंदच बरा?

कोपरखैरण्यात आमच्या इमारतीखाली एक गॅरेज आहे. रमजानमध्ये तरावीह उरकून परतताना तिथे एखादी बुलेट हमखास उभी दिसते. मालकाला धडधडाट हवा असतो, म्हणून सायलेन्सरच्या आतली जाळी काढायची असते. मी एकदा मिस्त्रींना टोकलं. ते म्हणाले, "उघडतंय म्हणून उघडून मागतात, भाई. पॅक असतं तर कोण मागणार?"

हाच वाद बंदुकीच्या सायलेन्सरबाबतही आहे, आणि हे दोन्ही सायलेन्सर एकाच घरातले.

त्या घराचा इतिहास आपल्याला परका नाही. हिराम स्टीव्हन्स मॅक्झिम यांनी १८८४ मध्ये मशीनगन बनवली. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमध्ये ओमदुर्मानच्या मैदानावर महदींच्या अनुयायांवर इंग्रजांनी ती चालवली. तोफा, रायफली आणि ही मॅक्झिम गन मिळून काही तासांत सुमारे दहा हजार माणसं मेली. इंग्रज-इजिप्शियन बाजूचे पन्नासही नाहीत. तीच बंदूक वर्षानुवर्षं कानाशी वाजवून मॅक्झिम स्वतः उतारवयात जवळजवळ बहिरे झाले.

आवाज दाबण्याचं यंत्र काढलं ते त्यांच्या मुलाने. हिराम पर्सी मॅक्झिम मोटारींचा इंजिनियर होता. ३० मार्च १९०९ रोजी त्याला सायलेन्सरचं पेटंट मिळालं. तत्त्व सोपं: नळीतून सुटणारा तप्त वायू आतल्या पडद्यांत अडवायचा, फिरवायचा, थंड करायचा आणि मग सोडायचा. पुढे त्याच्या कंपनीने इंजिनांचे सायलेन्सरही केले. सिनेमातला तो 'फुस्स' आवाज मात्र खोटा आहे. ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा कडाका कोणताही सायलेन्सर थांबवू शकत नाही.

आता उघडण्याचा प्रश्न. पॉइंट टू टू रायफलीची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते. शिसं आणि काजळी पडद्यांवर थरावर थर साचते. इथे पडदे काढून घासता आलेच पाहिजेत. बंद नळकांडं हळूहळू जड होत जातं आणि आत किती घाण आहे ते दिसतही नाही. मोठ्या रायफलीचं गणित उलटं. तिच्या वायूचा दाब इतका असतो की बरीचशी काजळी तोच बाहेर फेकतो. तिथे वेल्डिंग केलेला बंद सायलेन्सर हलका आणि मजबूत ठरतो. उघडणाऱ्यात आटे आले, ते ढिले होण्याची भीती आली. एखादा पडदा उलटा किंवा तिरका बसला तर गोळी त्यालाच धडकते. शिवाय साफ करताना शिशाची धूळ हाताला आणि नाकाला लागते, ती वेगळीच. माझ्या मते छोट्या रायफलीला उघडणारा, मोठीला बंद. सरसकट एकाचीच तरफदारी करणारा बहुधा विकणारा असतो.

अमेरिकेत तर गंमतच आहे. तिथे १९३४ च्या कायद्याने सायलेन्सरवर दोनशे डॉलर कर बसवला, आणि आजच्या कायद्यात सायलेन्सरचा सुटा भागही सायलेन्सरच मानला जातो. म्हणजे पडदे धुवायला काढा, पण जादा पडदा घरात ठेवायची सोय नाही. उघडता येणाऱ्या वस्तूचा अर्धा फायदा तिथेच संपला.

आपल्याकडे हा हिशेब सामान्य माणसाला करावाच लागत नाही. शस्त्र नियमांत बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला कमी करणारी जोडणी प्रतिबंधित वर्गात मोडते. गाडीला मात्र सायलेन्सर सक्तीचा. बंदुकीला लावला तर गुन्हा, बुलेटचा काढला तर दंड! रेंजवर सराव करणाऱ्या पोरांनी मग कानाला मफ्स लावायचे. कायद्याचं भय मला समजतं, कारण लपून मारणाऱ्याला आवाज नकोच असतो. पण मॅक्झिमचे कान आठवले की त्या पोरांच्या कानांचीही काळजी वाटते.

ईदनंतर तोच बुलेटवाला गॅरेजवर परत आला. पोलिसांनी पावती फाडली होती, जाळी पुन्हा बसवायची होती. मिस्त्रींनी ती फेकली नव्हती. फळीवर, तेलाच्या डब्यामागे ठेवली होती.